क्लबसाठी स्वयंसेवक आणि प्रशिक्षक कसे मिळवायचे, आणि मिळाले की कसे टिकवायचे? (नाशिक)

मैदानकर

नमस्कार मंडळी. सिडकोतल्या एका मैदानावर आमचा खो-खो आणि ॲथलेटिक्सचा क्लब चालतो. संस्था नोंदणीकृत आहे, सराव रोज संध्याकाळी साडेपाच ते साडेसात. मुलांपेक्षा मुली जास्त आहेत आणि याचा मला मनापासून अभिमान आहे. खेळायला येणाऱ्यांची चणचण नाही. जानेवारी २०२५मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, भारताचे पुरुष आणि महिला दोन्ही संघ जिंकले, आणि प्रतीक वाईकर व प्रियांका इंगळे हे दोन्ही कर्णधार आपल्या महाराष्ट्राचे. त्यानंतर तर चौकशीला येणारे पालक वाढलेच. चणचण आहे ती मोठ्या माणसांची.

वर्षभरात दोन प्रशिक्षक गेले. एकाला दुसऱ्या तालुक्यात क्रीडाशिक्षकाची नोकरी लागली, दुसरा पुण्याला गेला. दोघांनीही पोटापाण्याचं बघितलं, त्यात त्यांचं काही चुकलं नाही. सध्या आमचीच एक माजी खेळाडू शिकवते. तिचं शिकवणं फार छान आहे. एखादी मुलगी खांबाला वळताना पाय कुठे टाकते हे ती लांबून बघून सांगते. पण हळूहळू सगळंच तिच्या गळ्यात पडलंय. मैदान आखायचं तिने, हजेरी तिने, फीची आठवण तिने करायची, शालेय स्पर्धांचे फॉर्म तिने भरायचे आणि रात्री दहाला पालकांचे फोनही तिनेच घ्यायचे. अशाने तीही कधीतरी दमून सोडून जाईल, ही भीती मला आहे.

पालकांच्या ग्रुपवर ‘मदतीला या’ म्हणून लिहिलं की अंगठे भरपूर येतात, शनिवारी मैदानावर मात्र तीच चार डोकी. ज्यांनी क्लब चालवलेत, पंचगिरी केलीय किंवा नुसते पालक म्हणून मैदानावर उभे राहिलात, त्या सगळ्यांनी लिहा. माणसं आणायची कशी आणि टिकवायची कशी?

फर्स्ट_शिफ्ट

मी अंबडला कंपनीत आहे, मुलगा एका क्लबात कबड्डी खेळतो आणि मुलगी दुसरीकडे खो-खो. ग्रुपवर दोनशे जणांना मिळून लिहिलं की ज्याला त्याला वाटतं, जाईल कुणीतरी. मी स्वतः दोन वर्षं ते मेसेज वाचून पुढे सरकवले. मग एक दिवस मुलीच्या सरांनी मला बाजूला घेतलं आणि विचारलं, “दर शनिवारी साडेचारला मैदान आखायला याल का? पाऊण तासाचं काम आहे. दिवाळीपर्यंतच, पुढचं पुढे बघू.” मी तिथल्या तिथे हो म्हणालो. काम काय, किती वेळ आणि कधीपर्यंत, हे तिन्ही कळलं होतं.

मैदान आखणं हे नवीन माणसाला द्यायला फार चांगलं काम आहे. खो-खोचं मैदान २७ बाय १६ मीटर. एक टेप, चार खुंट्या, सुतळी आणि फक्कीचा डबा. कोपरा काटकोनात येतोय का हे बघायला एका बाजूला तीन मीटर, दुसऱ्या बाजूला चार मीटर मोजायचं आणि तिरकं अंतर पाच भरतंय का ते बघायचं. पाच भरलं की कोपरा बरोबर. मग मधली पाटी, आडव्या पाट्या, खांबांच्या रेषा. मधली पाटी सगळ्यात आधी पुसते, कारण मुलं तिथेच बसतात, उठतात आणि वळतात, म्हणून तिथे फक्की जरा जाड टाकायची. पाऊण तासाने उभं राहून बघितलं की आपण काहीतरी केलेलं डोळ्यांना दिसतं. सभेला बसून हे समाधान मिळत नाही.

दुसरी गोष्ट शिफ्टची. सिडको, सातपूर, अंबड भागातले निम्मे पालक कंपनीत. पहिली पाळी असली की माणूस तीनला सुटतो आणि संध्याकाळी मोकळा. पुढच्या आठवड्यात दुसरी पाळी, मग रात्री अकरापर्यंत तो कुणाचाच नाही. अशा माणसाला ‘दर मंगळवारी या’ म्हटलं की तो नाहीच म्हणणार. दोन वेगवेगळ्या पाळ्यांतल्या दोघांची जोडी लावा, एक नसेल तेव्हा दुसरा. आमच्याकडे आता हजेरी आणि पाण्याचं काम असंच चालतं, आणि दोघं आपापसांत बोलून बदली करतात, प्रशिक्षकाला विचारावंही लागत नाही.

आडगावची_आई

वरच्या प्रतिसादाला अनुमोदन, आणि एक कळकळीचं सांगणं. मैदानाच्या कडेला रोज दीड-दोन तास आम्ही आया बसलेल्या असतो. मुलीला सोडून घरी जाऊन परत येणं परवडत नाही म्हणून बसतो. क्लबला मदत लागली की आमच्यापैकी कुणालाही बोलावतात ते नाश्त्याच्या पोह्यांसाठी. पोहे आम्ही करू, त्यात कमीपणा नाही. पण तेवढ्यापुरतंच का?

आमच्या क्लबात एका मॅडमनी आम्हा चौघींना गुणलेखन शिकवलं. खो-खोत संरक्षकांची, म्हणजे पळणाऱ्यांची, तिघांची तुकडी आत येते, एकेक बाद होईल तशी प्रत्येकाची वेळ पत्रकात लिहायची. पहिल्या दिवशी माझा हात थरथरत होता. एका हातात स्टॉपवॉच, नजर मैदानावर, आणि शिट्टी वाजली की लगेच वेळ वाचून लिहायची. आता मला पत्रक बघून सांगता येतं की कुठली मुलगी शेवटच्या मिनिटाला दमते आणि कुठली पहिल्याच अर्ध्या मिनिटात घाईने बाद होते. सर ते पत्रक सरावाला वापरतात. माझी लेक घरी मला तिची वेळ विचारते. खेळ न खेळलेल्या बाईला खेळाच्या आत घेतलं की ती सहजासहजी बाहेर पडत नाही, हे मी खात्रीने सांगते.

मात्र आमची एक अडचण लक्षात घ्या. आडगाव, मखमलाबाद, पुढे दिंडोरी-निफाडकडचे जे पालक आहेत त्यांच्या बागा आहेत. ऑक्टोबरात छाटणी, आणि जानेवारीपासून एप्रिलपर्यंत द्राक्षांची तोडणी. त्या दिवसांत आम्ही मैदानावर दिसत नाही आणि मग ‘यांना कळकळ नाही’ असं बोललं जातं, ते लागतं मनाला. आम्हाला जून ते सप्टेंबर कामाला लावा. शालेय स्पर्धाही तेव्हाच सुरू होतात.

जुना_पंच

मी निवृत्त शारीरिक शिक्षण शिक्षक आहे, पंच म्हणूनही बरीच वर्षं काम केलं. मैदानकर, माणसं शोधायची जागा तुमच्या जुन्या हजेरीपटात आहे. दहा-बारा वर्षांपूर्वी तुमच्याकडे खेळलेली मुलं-मुली आज पंचविशी-तिशीत असतील. काही इथेच नोकरीला आहेत, काही लग्न होऊन याच शहरात आहेत. त्यांना ‘प्रशिक्षक हो’ म्हणू नका, घाबरतील. ‘रविवारी सकाळी येऊन मुलींना फक्त साखळी खेळ (बसलेल्या खेळाडूंमधून नागमोडी पळणं) दाखव’ म्हणा.

पंच परीक्षेचा रस्ताही मोलाचा आहे. सामन्याला दोन पंच, सरपंच (म्हणजे मुख्य पंच), वेळाधिकारी, गुणलेखक अशी माणसं लागतातच. ज्याला शिकवायची हौस नाही पण खेळ कळतो, त्याला परीक्षेला बसवा, परीक्षेची फी क्लबने भरावी. जिल्हा संघटनेकडे चौकशी केली की पुढची परीक्षा कधी ते कळतं.

कॉलेजांकडेही जा. राष्ट्रीय सेवा योजनेतल्या विद्यार्थ्याला वर्षाला १२० तासांचं काम दाखवायचं असतं. त्यातले काही तास तुमच्या मैदानावर झाले तर दोघांचंही भलं. कार्यक्रम अधिकाऱ्याला आधी लेखी पत्र द्या, कामाचं स्वरूप लिहा, आणि झालेल्या तासांचं प्रमाणपत्र वेळेवर द्या. हे प्रमाणपत्र द्यायला टाळाटाळ करणाऱ्या संस्थेकडे पुढच्या वर्षी एकही पोरगं फिरकत नाही. बी.पी.एड.चे, म्हणजे शारीरिक शिक्षणाच्या पदवीचे, विद्यार्थीही सरावपाठासाठी मैदान शोधत असतात.

आणि तुमच्या त्या प्रशिक्षक मुलीबद्दल. तिला पतियाळाच्या एन.आय.एस.चा (राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा) सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम करू द्या. ॲथलेटिक्ससाठी भारतीय ॲथलेटिक्स महासंघाचा प्री-लेव्हल १ अभ्यासक्रम आहे, तो लहान मुलांना शिकवणाऱ्यांसाठीच आहे. खर्चाचा काही भाग क्लबने उचलावा. शिकून ती दुसरीकडे जाईल अशी भीती कार्यकारिणीत कुणीतरी बोलून दाखवेल. जाऊ दे की. नाशिकच्या कुठल्या तरी मैदानावर शिकवेल ना?

गोदाकाठ

चर्चा चांगली चाललीय. पण एक वेगळं मत मांडतो. आमच्या लहानपणी व्यायामशाळेत शिकवणाऱ्या कुणालाही पैसे मिळत नव्हते. गुरुजी नोकरी सांभाळून पहाटे यायचे, वर्षानुवर्षं आले. आता मानधन, प्रवासभत्ता, टी-शर्ट ही भाषा सुरू झाली की सेवाभाव संपतो असं मला वाटतं. ज्याला खेळाची ओढ आहे तो पैशावाचूनही येईल.

शिट्टी

गोदाकाठ काका, तुमच्या गुरुजींबद्दल पूर्ण आदर ठेवून लिहिते. त्यांना पक्की नोकरी होती, पेन्शन होती, आणि घरचं सगळं बघणारं दुसरं कुणीतरी होतं. मी सहा वर्षं प्रशिक्षक होते, गेल्या वर्षी सोडलं. का सोडलं ते सांगते, क्लबचं नाव घेणार नाही.

मानधन थोडंच होतं आणि ते मला मान्य होतं. पण ते कधी दहा तारखेला, कधी वीसला, कधी दोन महिन्यांचं एकदम. प्रत्येक वेळी मला विचारावं लागायचं आणि विचारताना आपणच काहीतरी मागतोय असं वाटायचं. मुलांना घेऊन बाहेरगावी स्पर्धेला गेले की रिक्षा, पाणी, एखाद्या मुलीचं औषध, सगळं माझ्या पर्समधून. बिलं दिली की कोषाध्यक्ष गावाला गेलेले. मैदानकर, मानधन कमी द्या पण पाच तारीख ठरली की पाचलाच द्या. स्पर्धेला जाताना खर्चाला आगाऊ रक्कम हातात द्या. आणि तुमच्या प्रशिक्षक मुलीला एका कागदावर लिहून द्या: किती दिवस, किती तास, किती मानधन, कुठली कामं तिची आणि कुठली तिची नाहीत. तो शेवटचा भाग सगळ्यात महत्त्वाचा.

आता पालकांचं. जिल्हास्तरीय स्पर्धेचा संघ जाहीर केला त्या संध्याकाळी मी साहित्य गोळा करत होते. चार पालक समोर येऊन उभे राहिले. ‘आमची मुलगी का नाही?’ एकाने आवाज चढवला. मुली बाजूला उभ्या राहून ऐकत होत्या. क्लबचे सचिव गेटपाशीच होते, ते मोबाइल बघत गाडीकडे गेले. मी उत्तरं दिली, शांतपणे दिली, पण त्या दिवशी मनातून मी क्लब सोडला होता. पैशाचं तर नंतर.

निवडीबद्दल पालकांना विचारायचा हक्क आहेच. फक्त मैदानावर नाही, त्याच दिवशी नाही आणि प्रशिक्षकाला एकटं गाठून नाही. दुसऱ्या दिवशी, आधी कळवून, कार्यकारिणीतला एक माणूस सोबत बसलेला असताना. हा नियम फी भरतानाच सांगा आणि फळ्यावर लिहा. तुमच्या प्रशिक्षक मुलीच्या शेजारी त्या वेळी कोण उभं राहणार, त्या माणसाचं नाव आजच ठरवा.

नाशिकचंच उदाहरण घ्या. हरसूल भागातल्या सावरपाड्याची कविता राऊत २०१०मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १० हजार मीटरला कांस्य आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य घेऊन आली. तिच्यामागे तिचे प्रशिक्षक विजेंद्र सिंग सरांची कितीतरी वर्षांची मेहनत होती. सरांनी दर दोन वर्षांनी गाव बदललं असतं तर? लांब पल्ल्याचा धावपटू घडायला वर्षं लागतात, आणि तेवढी वर्षं प्रशिक्षक एका जागी राहावा लागतो. तो राहावा यासाठी त्याचं घर चालायला हवं.

गोदाकाठ

शिट्टी ताई, तुमचं वाचून पटलं. गुरुजींच्या पत्नी पहाटे चारला उठून त्यांचा डबा करायच्या, हे मला आठवतंय, पण त्याचा हिशोब आम्ही कुणीच कधी केला नव्हता. पाच तारखेचा मुद्दा मान्य. माझ्या ओळखीत दोन-तीन निवृत्त बँकवाले आहेत, हिशोबाचं काम आनंदाने करतील. मैदानकर, निरोप पाठवतो.

सायकलवाला

थोडक्यात लिहितो. २०१५मध्ये नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी ‘रेस ॲक्रॉस अमेरिका’ ही अमेरिका आरपार जाणारी सायकल शर्यत दोघांच्या संघात पूर्ण केली. आपण सायकल चालवणाऱ्यांची नावं लक्षात ठेवतो. पण त्या शर्यतीत गाडीत बसलेल्या लोकांशिवाय एक दिवसही निघत नाही. रस्ता बघणारा वेगळा, खाणं देणारा वेगळा, सायकल दुरुस्त करणारा वेगळा, आणि त्यांच्याही झोपेच्या पाळ्या ठरलेल्या. थकलेल्या मदतनिसाने एक वळण चुकवलं तर स्वाराची मेहनत वाया. म्हणून स्वयंसेवकालाही सुट्टी हवी. परीक्षांच्या काळात, दिवाळीत, घरी कुणी आजारी असताना त्याने न विचारता थांबावं आणि परत आल्यावर कुणी टोमणा मारू नये.

वकीलीण

कुणी अजून लिहिलं नाही म्हणून लिहिते, आणि हे लांबणीवर टाकू नका. नवी माणसं घेताय, ती मुलांमध्ये वावरणार. प्रशिक्षक असो, गाडी चालवणारे काका असोत की कॉलेजचा स्वयंसेवक, प्रत्येकाकडून पोलिसांचं चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र घ्या. अर्ज ऑनलाइन होतो. अध्यक्षांचा भाचा असला तरी घ्या. सगळ्यांकडून घेतलं की कुणाला अपमान वाटत नाही.

पोक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा कायदा, २०१२चा. अठराच्या आतली सगळी मुलं, मुलगे आणि मुली दोन्ही, त्यात येतात. असा प्रकार घडल्याचं कळलं तर पोलिसांना कळवणं हे बंधनकारक आहे. हाताखालच्या माणसाबद्दलची गोष्ट संस्थाप्रमुखाने दडवली तर त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. ‘क्लबमध्येच मिटवू’ हा पर्यायच कायद्यात नाही. मुलांना १०९८ हा बालकांच्या मदतीचा नंबर माहीत करून द्या, फळ्यावर लावा.

बाहेरगावच्या स्पर्धेला मुलींसोबत एक बाई असलीच पाहिजे, आणि ती प्रशिक्षकापेक्षा वेगळी असली तर उत्तम. कुठल्याही मोठ्या माणसाने एकट्या मुलाला गाडीवर घरी सोडायचं नाही. खाजगी चॅट नाही, जे सांगायचं ते पालक असलेल्या ग्रुपवर. हे नियम चांगल्या प्रशिक्षकाचंही रक्षण करतात. तुमच्या चोवीस-पंचविशीच्या प्रशिक्षकावर उद्या कुणी रागाने काही आळ घेतला, तर हे नियम पाळल्याची नोंद तिच्या बाजूने उभी राहील.

हिशोबनीस

पैशाचा प्रश्न निघालाच आहे तर. संस्थेला ८०जी ही आयकराची मान्यता असेल तर देणगीदाराला करात सवलत मिळू शकते, पण दोन हजारांवरची रोख देणगी त्यात धरत नाहीत. चेक किंवा ऑनलाइन घ्या. कंपन्यांच्या सीएसआरमध्ये (सामाजिक जबाबदारीच्या खर्चात) ग्रामीण खेळ आणि राष्ट्रीय मान्यता असलेल्या खेळांचं प्रशिक्षण बसतं, त्यासाठी संस्थेची सीएसआर-१ नोंदणी लागते. मात्र सीएसआरचं बंधन मोठ्या कंपन्यांना असतं. सातपूरच्या लहान कारखानदाराकडे धनादेश मागण्यापेक्षा खांब, स्कोअरबोर्डची चौकट, साहित्याची लोखंडी पेटी असं त्याच्या वर्कशॉपमध्ये होणारं काम मागा. तो ते मन लावून करून देतो आणि स्वतः बसवायलाही येतो. असा माणूस पुढे क्लबचाच होतो.

मैदानकर

सगळ्यांचे मनापासून आभार. काल कार्यकारिणीची बैठक होती, हा धागा छापून नेला होता. दोघांनी तिथे बसून पूर्ण वाचला.

ठरलं ते असं. प्रशिक्षकांचं काम फक्त शिकवणं, निवड आणि सरावाचं नियोजन. फॉर्म, फी, हजेरी आणि फोन यांसाठी वेगळी माणसं, आणि पालकांना आता प्रशिक्षक मुलीचा नंबर मिळणार नाही, क्लबचा मिळेल. मानधन दर महिन्याच्या पाच तारखेला बँकेत. रक्कम थोडी वाढवली, अजून वाढवायला हवी याची जाणीव आहे. निवडीबद्दलच्या तक्रारींना उपाध्यक्ष उत्तर देणार आणि संघ जाहीर होईल त्या संध्याकाळी स्वतः मैदानावर हजर राहणार. चारित्र्य पडताळणी सगळ्या पदाधिकाऱ्यांपासून सुरू. जुने हजेरीपट कपाटातून काढलेत, आज सकाळी तीन जणींना फोन केले. एकीने लगेच रविवार दिला. दुसरी म्हणाली, बाळ लहान आहे, घेऊन आले तर चालेल का? चालेल म्हणून सांगितलं, सावलीत सतरंजी टाकू.

एकच गोष्ट अडलीय. आडगावच्या ताईंसारखं गुणलेखन आमच्या आयांना शिकवायचं आहे, पण शिकवायला कुणी नाही. सहा जणी तयार आहेत.

जुना_पंच

मी येतो. येत्या शनिवारी चार वाजता. कोरी गुणपत्रकं मी आणतो, तुम्ही स्टॉपवॉच आणि पेन्सिली ठेवा. मुलींचे दोन संघ करून खरा सामना लावा, नुसत्या फळ्यावर हे शिकता येत नाही.

आडगावची_आई

पंच काका, मीही येते. आमच्या दोघी जणी सोबत आणते, एकेकीच्या शेजारी एकेक बसू. मैदानकर, शनिवारी मैदान नक्की मोकळं आहे ना, ते आधी बघून घ्या.

मैदानकर

मोकळं आहे, आत्ताच विचारलं. चारला भेटू.